चलतलां!

"आबानू, हो पंखो गेलो," इंजिनच्या खणातून मिस्त्रीचा आवाज आला.

"खंय गेलो? हयच तर आसा," आबा वरून म्हणाले.

जुलैची २७ तारीख. सर्जेकोटच्या खाडीत होडी नांगरलेली, पाऊस घटकाभर दम खायला थांबलेला. मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. त्या ६१ दिवसांतले शेवटचे चार उरले होते आणि खाडीभर प्रत्येक होडीवर कुणी ना कुणी ठोकत, घासत, रंगवत होतं. खाली मिस्त्री दोन गुडघ्यांमध्ये डोकं घालून समुद्राच्या पाण्याच्या पंपासमोर बसला होता. वर फळीवर आबा. खमिसाला तीन भोकं, हात गुडघ्यांवर, चेहरा ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकाचा. मी मुंबईहून सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी गेलो होतो. ते काम ज्याच्याकडे होतं तो माणूस 'आत्ताच बाहेर गेला' होता, म्हणून मी होडीवर.

मिस्त्रीने बॅटरीच्या उजेडात पंखा वर धरला. तळहातात मावेल एवढं काळं रबरी फूल, मधोमध पितळेची नळी, भोवती दहा पाती. दोन मुळाशी चिरलेली, एक अर्ध्यातून तुटलेलं, बाकीची सगळी एकाच बाजूला कलून तशीच राहिलेली. आबांनी तो हातात घेतला. अंगठ्याने एकेक पातं मागे वाकवून सोडलं, कानाशी नेऊन पुन्हा एकदा वाकवलं. मग ज्या शब्दाची आम्ही सगळेच वाट पाहत होतो तो उच्चारला.

"चलतलां."

मालवणीत क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे फिरतं. पंखो चलतलो, होडी चलतली, इंजिन चलतलां. आबांचं फिरत नाही. छत्री असो, जावई असो, गुडघा असो, "चलतलां". तो शब्द त्यांच्या तोंडी क्रियापद म्हणून नसतोच, निकाल म्हणून असतो. आणि त्या निकालावर अपील नाही.

आबा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा. पण अख्खं बंदर त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही आबाच म्हणतो. असा एक माणूस प्रत्येक खानदानात असतो. तुमच्याकडेही असेल, तुमच्याकडे त्याची होडी नसेल, स्कूटर असेल, एवढंच. राज्य सरकार माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवतं, पण या लोकांच्या घरात वस्तूला तशी सोय नाही. चपलेचा अंगठा तुटला की चपलेची नोकरी संपत नाही, अंगठा नवा लागतो. मग टाच झिजते, टाच नवी लागते. मग वरचा पट्टा. सात वर्षांनी मूळ चपलेतलं काय शिल्लक आहे म्हणाल तर आबांचा पाय. तरी चप्पल तीच. मे महिन्याच्या शेवटी मालवणच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, तो आबांना लांबून पाहिल्यावर नमस्कार करतो. तो नमस्कार गिऱ्हाइकाला केलेला नसतो. त्या छत्रीतल्या आठही काड्या त्याच्या हातच्या आहेत, तिच्याशी त्याचं आता नातं आहे.

कुणी म्हणेल, कंजूष. अजिबात नाही. कंजूष माणूस पैसे मोजतो. आबा आयुष्य मोजतात. सत्यनारायणाला दोन-तीनशे पानं उठवताना त्यांचा हात थरथरत नाही, खलाशाच्या घरी लग्न निघालं तर ते न मागता देतात, आणि होडी किनाऱ्याला लागली की पहिल्या टोपलीतले बांगडे कुणाकुणाच्या पिशवीत जातात याचा हिशेब ठेवत नाहीत. पण एक वायसर, साधा चार आण्यांचा वायसर, खाडीत टाकला तर दोन दिवस अबोला धरतील. ज्यात अजून जीव आहे ते टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी हत्या. आता रबरात जीव कधी संपतो यावर मात्र त्यांचं आणि बाकी जगाचं जमत नाही.

ते जमत नाही त्याचं केंद्र म्हणजे हा पंखा. पुस्तकी नाव इंपेलर. ज्यांनी होडीचं इंजिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हा पंखा काय करतो ते कळल्याशिवाय आबांचं धाडस कळायचं नाही.

आबांच्या होडीवरचं सहा सिलिंडरचं इंजिन मूळचं ट्रकचं कूळ. जमिनीवर ट्रक धावतो तेव्हा समोरून वारा येतो, रेडिएटर थंड राहतो. होडीच्या पोटात कुठला वारा? तिथे थंडावा द्यायचा तो समुद्राने. म्हणून तळाला एक भोक, भोकावर कॉक, कॉकच्या पुढे कचरा अडवणारी जाळी, आणि जाळीच्या पुढे हा पंप. पंप समुद्र आत ओढतो आणि कूलरकडे ढकलतो. कूलरमध्ये बारीक नळ्या: आतून खारं पाणी जातं, बाहेरून इंजिनचं गोडं पाणी. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण एकाचा ताप दुसऱ्याला बरोबर पोचतो. जुन्या घरांतून सासरा आणि सून हे असेच राहायचे. मग तापलेलं खारं पाणी धुराबरोबर मागच्या पाइपातून समुद्रात परत. त्याला बंदरावर 'पाणी मारणं' म्हणतात. होडी पाणी मारते आहे ना, हे पाहिल्याशिवाय शहाणा तांडेल दोर सोडत नाही.

पंपाचं घर गोल असतं, पण पुरतं गोल नसतं. आतून एका बाजूला फुगवटा असतो. जुन्या घराच्या ठेंगण्या दारातून जाताना आपण मान वाकवतो तशी फिरत फिरत आलेली पाती तिथे वाकतात. जागा आक्रसते, पाणी बाहेर ढकललं जातं. फुगवटा ओलांडला की पाती पुन्हा ताठ, मागे पोकळी, पोकळीत समुद्र. मिनिटाला शेकडो वेळा हा वाकण्याचा आणि उठण्याचा व्यायाम. रबर घासून जळत नाही ते केवळ पाण्यामुळे. पाणी हेच त्याचं वंगण. पाणी तुटलं की विडी पेटवून पहिला झुरका घेईपर्यंत पात्यांचा कोळसा. मग इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनला परत ताळ्यावर आणायला जे पैसे लागतात त्यांत सुरमईने भरलेली होडी जाते. पंख्याची किंमत एका बऱ्यापैकी सुरमईएवढी.

म्हणून इंजिनबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की दर सीझनला पंखा बदला, गेला नसला तरी बदला. आबांकडे ती पुस्तिका आहे. मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. उघडली तर जुनी होईल.

आबांनी आपला पंखा चार सीझन चालवला होता.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि आमच्या घरात ती कुणी कबूल करत नाही. दर वर्षी पंखा बदलणाऱ्या माणसाला इंजिन ऐकावं लागत नाही. पाती नवीन आहेत, झोपा निवांत. आबांना ती चैन नाही. ज्याचं सगळंच मरणाच्या दारात उभं आहे त्याला प्रत्येकाची नाडी धरून बसावं लागतं. होडीवर आबा झोपले की त्यांचा एक कान मागच्या पाइपाकडे असतो. पाणी मारण्याचा आवाज 'फसाक्... फसाक्' असा हवा. त्यात जरा दम कमी झाला, की ते झोपेतच कूस बदलतात. आवाज 'फस्' झाला की उठून बसतात. दर तासाला मागे जाऊन त्या पडणाऱ्या पाण्यात हात धरतात. ताप पाहायला आई लेकराच्या कपाळावर हात ठेवते, तेवढाच वेळ. आणि सांगतात, जाळीत कचरा आहे, किंवा नाही. चुकलेले मी पाहिले नाहीत. काटा बघायला इंजिनवर मीटर आहे. तो सहा वर्षांपासून बंद आहे, आणि का बंद आहे हे वाचकाला सांगायला नको.

आणि मग तो डबा.

बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकणावर कधीकाळी गुलाबं होती. तो सुकाणूच्या केबिनमध्ये देवाच्या तसबिरीखाली असतो. तसबिरीच्या खाली म्हणजे फार खाली नाही. त्यात होडीचा आजवरचा सगळा इतिहास आहे: एका बाजूचे आटे गेलेले बोल्ट, निम्मे स्क्रू, निम्म्या ढिबऱ्या, चपटे झालेले वायसर, आणि निवृत्त पंखे. पाच पात्यांचा एक, सात पात्यांचा एक, आणि एके काळी एक पूर्ण दहा पात्यांचा पण कडक. प्रत्येकाला सुतळीचा तुकडा बांधलेला. एक गाठ म्हणजे 'बरा', दोन गाठी म्हणजे 'अडीअडचणीला'. तीन गाठीवाला मी पाहिलेला नाही. तीन गाठींचा अर्थ 'टाकाऊ' असावा आणि ती वेळ अजून कुठल्याही पंख्यावर आली नसावी.

मिस्त्रीने, तांडेलाने, आबांच्या थोरल्याने, सगळ्यांनी मिळून एकदा हा डबा खाडीत सोडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ती रात्र आली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तोंड बंद झालं.

वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह डाव्या हाताला लुकलुकत होतं, मोबाइलची रेंज गेलेली. आबा होडीवरच होते. मध्यरात्री ते अचानक उठून ओरडले, "बंद कर!" तांडेलाने इंजिन बंद केलं आणि मग विचारलं, काय झालं. काही झालं नव्हतं. म्हणजे आवाजच झाला नव्हता. 'फसाक्' थांबलं होतं, आणि इतरांना ज्या गोष्टीने जाग येते तिच्या बरोबर उलट गोष्टीने आबांना जाग आली होती. तळाच्या भोकावर प्लास्टिकची पिशवी बसली होती. पंप उघडला तर जळक्या रबराचा वास आणि आत तीन पाती.

डबा उघडला. पहिला निघाला तो दहा पात्यांचा कडक. आबांचा त्याच्यावर भरवसा, कारण तो दिसायला पूर्ण. पंपात ढकलताना पाती वाकेनात, आणि वाकवली तेव्हा शिळ्या भाकरीसारखी कडाकडा मोडली. मग सात पात्यांचा काढला. त्याला बुळबुळीत करायला काही हवं. ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाने रबर फुगतं, एवढं आबांना पुस्तिका न उघडता माहीत होतं. साबण संपलेला. शेवटी टोपातली रात्रीची पेज लावली. उकड्या तांदळाची पेज चोपडलेला तो सात पात्यांचा म्हातारा पंपात गेला, आणि इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून होडी दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेकोटला लागली. बाहेरून जेवण आलं, आबांनी पेज मागितली.

त्या रात्रीपासून घरात वाद संपले. म्हणजे वाद निघतात, पण कुणीही बोलायला तोंड उघडलं की आबा केवळ डब्याकडे पाहतात. गोष्ट दर वर्षी थोडी खोल समुद्रात जाते. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बारा वाव पाणी होतं, गेल्या गणपतीत ते चाळीस वाव झालं. मिस्त्रीने एकदा धीर करून विचारलं होतं की आबानू, डब्यात एक नवो पंखो असतो तर सकाळीच घरी येतास. आबा म्हणाले, "नवो असतो तर तो मी होडयेर कशाक ठेवलंय असतंय? घरी कपाटात नसतंय ठेवलेलो?"

हे त्यांनी विनोदाने म्हटलेलं नाही. नवीन वस्तू वापरण्यासाठी नसते याबद्दल त्यांच्या मनात कधी शंकाच आली नाही. मामींच्या माहेरची पैठणी, लग्नातला स्टीलचा डिनर सेट, थोरल्याने आणलेला टॉर्च, हे सगळं कपाटात 'नवीन' या हुद्द्यावर काम करतं.

तर, चलतलां म्हटल्यावर खाडीवर शांतता पसरली. समोर सर्जेकोटच्या किल्ल्याचे पडके दगड ओले होऊन काळे पडले होते. आबांनी मुद्दा भक्कम करायला हात दूर मालवणच्या दिशेला केला. महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ साली. पायात शिसं ओतलं, साडेतीनशेहून जास्त वर्षं लाटा खातोय. त्याचं पॅकिंग कुणी बदललं का?

"आणि हो?" मिस्त्रीने मान न वळवता अंगठा सर्जेकोटच्या ढिगाऱ्याकडे केला. "होव तेंनीच बांधलेलो."

आबा गप्प झाले. मिस्त्रीला आयुष्यात असं वाक्य एकदाच सुचतं आणि ते सुचल्यावर त्याने थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. "आबानू, तोंडात तुमच्या किती पाती उरली आसत?"

"जेवक पुरे होतत," आबा म्हणाले. हेही खरं होतं. दातांच्या डॉक्टरने तीन वर्षांपूर्वी कवळी सुचवली होती. तिला मिळालेलं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूलाही तेच उत्तर मिळालं होतं. आबा स्वतःला वेगळा नियम लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना आपल्या हातात काही उरत नाही.

शेवटी तांडेल बोलला. तो एरवी बोलत नाही. सुकाणूला टेकून त्याने सांगितलं, "पंखो बदलल्याशिवाय मी सुकाणूक हात लावचंय नाय." आबा त्याच्याकडे बघत राहिले. तांडेल चालतो का, जुना झाला का, बदलता येईल का, असे सगळे विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश गेले. तांडेल बावीस वर्षांचा जुना. म्हणजे बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

"घरी नवो आसा," आबा खोल आवाजात म्हणाले.

नवो होता. नऊ वर्षांपूर्वी घेतलेला. एका नारळी पौर्णिमेला त्याची हळदकुंकू लावून पूजा झाली होती आणि मग तो जपून ठेवला होता. नेपाळी खलाशी धावत जाऊन खोका घेऊन आला. मूळ खोका, वर वर्तमानपत्र, वर प्लास्टिक, वर जुन्या धोतराचा तुकडा. आबांनी तो मुलीची पाठवणी करावी तसा मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने एक पातं बोटाने मागे वाकवलं. मुळाशी केसाएवढी भेग उमटली. दुसरं वाकवलं, तिथेही. रबर वापरलं नाही म्हणून त्याचं वय थांबत नाही. कपाटात पडून पडून तो पंखा कधी होडीला न लागताच म्हातारा झाला होता.

मी पुण्यामुंबईत पुष्कळ दुःखं पाहिली आहेत. पण त्या क्षणी आबांकडे बघवेना. कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रीनेसुद्धा नाही, आणि मिस्त्रीला जिंकण्याची इतकी सोपी संधी पुन्हा यायची नव्हती. आबांनी खिशातून सुतळी काढली, दाताने तोडली, म्हणजे उरलेल्या दातांनी, आणि त्या पंख्याला बांधून दोन गाठी मारल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला.

तेव्हा थोरल्याने खिशातून हात बाहेर काढला. त्यात नवा पंखा होता. दोन दिवसांपूर्वीच आणून ठेवलेला. इतक्या वर्षांत मुलगा एवढं शिकला होता की आबांसमोर नवी वस्तू वस्तू म्हणून आणायची नसते, तोडगा म्हणून आणायची असते.

"कितयाक घेतलंस?"

थोरल्याने निम्मी किंमत सांगितली. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात, एक दुकानातली आणि एक आबांना सांगायची. मामी तर गेली तीस वर्षं नारळसुद्धा निम्म्या भावाने आणतात.

आबांनी पंखा उलटा-सुलटा पाहिला. "स्वस्तातलो हाडलंस मरे! टिकाचो नाय."

थोरल्याने कपाळाला हात लावला, पण काम सुरू झालं. आणि काम सुरू झाल्यावर मला आबांची दुसरी बाजू दिसली, म्हणजे ते वर फळीवर बसले असताना दिसत नव्हती ती. ते खाली उतरले. मिस्त्री झाकण घासत होता. पंपाचं पितळेचं सपाट झाकण, आतल्या बाजूला पात्यांनी घासून घासून गोल चऱ्या पडलेल्या. अशा झाकणाआड पाणी निसटतं, ओढ कमी होते. मिस्त्री म्हणाला झाकणही नवीन लागेल. आबांनी झाकण त्याच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. बाहेरची बाजू आत. ती कधी घासलीच नव्हती, आरशासारखी सपाट. मिस्त्रीने आबांकडे पाहिलं. ही युक्ती त्यालाही ठाऊक होती, फक्त झाकण विकण्यात त्याचे चार पैसे होते. आबांनी हळूच आपल्या खमिसाची कॉलर चाचपली. फाटलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवायची, हे ज्याने आयुष्यभर केलंय त्याला झाकणाचं कोण शिकवणार?

मग तुटलेल्या पात्याचा शोध. जुन्या पंख्याचं अर्धं पातं बेपत्ता होतं, आणि पंपात तुटलेला तुकडा पंपात राहत नाही, पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसतो. नवा पंखा बसवून तो तुकडा आत ठेवला तर इंजिन पुन्हा तापणार आणि दोष नव्याला. मिस्त्रीने कूलरचं टोक उघडलं. तुकडा तिथेच होता, नखाएवढा. आबांनी जुन्या पात्याला लावून पाहिला. जुळला. अर्थात टाकला नाही. "वायसर होतलां," म्हणाले. क्रियापद बदललं, लिंग तेच.

मध्येच झाकणाच्या सहा पितळी स्क्रूंपैकी एक तळच्या काळ्या पाण्यात पडला. मिस्त्रीने दोरीला बांधलेला लोहचुंबक सोडला आणि बराच वेळ फिरवला. तांडेलाने सावकाश आठवण करून दिली की पितळ लोहचुंबकाला ओळख देत नाही. खलाशी पायाच्या बोटांनी चाचपत राहिला. आबा डबा घेऊन आले. त्यातले चार स्क्रू लागले नाहीत, पाचवा लागला. डब्याकडे त्यांनी त्या वेळी ज्या नजरेने पाहिलं, ती मी कुठल्या बापाच्या डोळ्यांत मुलाच्या निकालाच्या दिवशी पाहिली असेल तर असेल.

नव्या पंख्याला लावायला साबण हवा होता. नव्या वडीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, पण आबांनी वडीच्या पाठीवर चिकटवलेली जुन्या साबणाची कागदाएवढी पातळ कपची नखाने सोडवून दिली. मिस्त्रीने पाती सुतळीने फिरण्याच्या दिशेला आवळून बांधली, साबण चोपडला, पंखा पिळत आत ढकलला. सुतळी सरकून बाहेर आली. आबांनी ती हातात घेऊन सरळ केली आणि खिशात ठेवली.

आता राहिलं पॅकिंग. झाकण आणि पंप यांच्यामध्ये कागद हवा, आणि तो पातळच हवा. जाड झाला की झाकण पात्यांपासून दूर राहतं आणि पंप नुसती हवा चघळतो. म्हणून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालत नाही, कितीही श्रीमंतांच्या घरची असली तरी. मिस्त्रीने केबिनमध्ये पाहिलं. समोर कालनिर्णय टांगलेलं. त्याचे जानेवारी ते मे यापूर्वीच कुठल्या ना कुठल्या पंपात, गिअरबॉक्सात आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली गेलेले, त्यामुळे वर्ष जूनपासून सुरू होत होतं. मिस्त्रीने हात पुसले आणि समोर दिसणारा जुलैचा कागद कोपऱ्यात धरला.

"अरे, अरे!" आबा खणातून अर्धे वर आले. "जून फाड. जुलै अजून चार दिवस चलतलां."